बदकाला चोच फुटली

दिघोरीच्या यादोरावांकडे गेलेला पाहुणा डबा न पाहता परत आला, असं कधी घडलं नाही. चहाच्या आधी पाणी यायचं आणि पाण्याच्याही आधी डबा यायचा. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फडक्याची गाठ सोडताना यादोराव असे गंभीर व्हायचे, की पाहुण्याला वाटावं, आता आतून देवच निघतो. निघायचा तो पितळी डबा. ओंजळीत मावेल एवढा, गोलसर, बिजागरीच्या झाकणाचा. झाकणावर बारीक दोरे फिरवल्यासारखी नक्षी आणि मधोमध बसलेलं एक बदक. बदकाला चोच नव्हती. पण ते यादोरावांना विचारायचं नसे, कारण विचारलं तर त्याचंही कौतुकच ऐकावं लागे.

"एंटिक हाय," यादोराव म्हणायचे. हा शब्द त्यांना गावच्या तलावावर पक्षी पाहायला आलेल्या नागपूरच्या एका साहेबाने दिला होता. साहेबाने डब्याचे फोटो काढले, मान डोलावली, शब्द दिला आणि निघून गेला. त्या दिवसापासून यादोराव तो शब्द भाताबरोबर खाऊ लागले. "मेणाचा डबा करतेत पहिले. त्याच्यावर मातीचा लेप. भट्टीत घातला का मेण वितळून वाहून जाते, अन् त्या पोकळीत पितळ ओततेत. मंग माती फोडली का डबा बाहेर. साचा गेला तो गेला! म्हणून असा दुसरा डबा साऱ्या दुनियेत नाही. अन् चोच नाही म्हणता ना? पितळ तिथपर्यंत पोचलंच नाही. हेच तं एंटिक!"

"अन् ज्याच्या घरी हाय तो बी एंटिकच," आतून मनकर्णाबाई म्हणायच्या. मनकर्णाबाई म्हणजे यादोरावांची बायको. नवऱ्याचं बोलणं त्या कधी तोडत नसत, फक्त शेवटी आपलं एक वाक्य जोडून देत.

आता हा डबा काही शोभेचा नव्हे. यादोरावांच्या घराण्यात लग्नाची पहिली हळद याच डब्यात कालवत आणि नवरदेवाच्या किंवा नवरीच्या आत्याने ती याच डब्यातून उचलून लावायची, अशी रीत होती. आत्याचा हात लागल्याशिवाय बाकी कोणी हळदीला बोट लावत नसे. यादोरावांना एकुलता एक मुलगा, मनिष. मनिषला आत्या एकच, बापेऱ्याची बायजाबाई, यादोरावांची थोरली बहीण. आणि बायजाबाईने यादोरावांच्या उंबऱ्याला पाय लावून कितीतरी वर्षं झाली होती.

झालं होतं ते याच डब्यावरून. म्हातारी आई गेली, तेरवी झाली, आणि यादोरावांनी डबा उचलून आपल्या कपाटात ठेवला. बायजाबाई दुपारच्या गाडीने बापेऱ्याला निघून गेली ती गेलीच. नंतर कोणाकरवी तरी निरोप आला, "डबा येईल तेव्हा मी येईन." यादोरावांनी उलटा निरोप धाडला, "डबा घरचा हाय, घरीच राहील." मग इकडून निरोप नाही, तिकडून निरोप नाही. जिल्ह्याच्या एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला बहीण, आणि मधे सगळा भंडारा जिल्हा.

मनिष चिखल्याच्या खाणीत नोकरीला लागला आणि गंमत झाली. चिखला तुमसर तालुक्यातलं, बापेराही तुमसर तालुक्यातलंच. पोरगा रविवारी आत्याकडे जेवायला जाऊ लागला. बापाशी भांडण असलं तरी भाच्याच्या ताटात काही कमी पडत नव्हतं. त्यामुळे लग्न ठरल्यावर मनिषने घरी येऊन सरळ सांगितलं, "बाबूजी, आत्या आली नाही तं मी हळदीच्या पाटावर बसत नाही. बिनहळदीचा नवरदेव उभा करा मंग मांडवात."

पोरगा बापावर गेला होता, म्हणजे बोलल्यासारखं करणार होता.

रात्रभर त्यांनी कुशी बदलल्या आणि सकाळी उठले ते तोंडावर हसू घेऊन. मनकर्णाबाईंनी ते हसू पाहिलं आणि हातातला तवा खाली ठेवला. हे हसू त्या ओळखत होत्या. याच हसण्याने मागे एकदा घरात दूध न देणारी म्हैस आली होती.

"काय केलं आता?"

"काहीच नाही. भंडाऱ्याले जाऊन येतो. गोमाजी ओताऱ्याकडं. असाच्या असा दुसरा डबा करून घेतो. नवा बायजाबाईले देऊन टाकतो, जुना आपल्या कपाटात. बाई खुश, मनिष खुश."

"अन् असा डबा साऱ्या दुनियेत दुसरा नाही म्हणत होते ना तुमी?"

"म्हणूनच तं कोणाले शक येणार नाही!"

मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. पण घरातलं फुटकं-तुटकं पितळ एका बोचक्यात बांधून दिलं: बुड गेलेला तांब्या, मोडकी समई, दोन नळाच्या तोट्या. नव्या डब्याला पितळ तर लागणारच होतं. "सांगसान नीट," त्या म्हणाल्या. "अर्धवट बोलाची सवय हाय तुमाले."

होळी होऊन आठवडा झाला असेल. यादोराव एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात बोचकं घेऊन भंडाऱ्याला गोमाजीच्या अंगणात पोचले. गोमाजी वारुळाच्या मातीत धानाचा कोंडा कालवत बसला होता. त्याच्या आजापासून हाच धंदा. मेणाच्या बारीक वाती वळून तो त्या नक्षीसारख्या मांडायचा, तेव्हा माणूस उभ्याउभ्या तासभर पाहत राहील.

आता इथे यादोरावांनी दोन वाक्यं सरळ बोलली असती, तर ही गोष्टच झाली नसती. "हा डबा जसाच्या तसा परत पाहिजे आणि या बोचक्यातल्या पितळाचा दुसरा करून दे," एवढंच तर सांगायचं होतं. पण दुसरा कशाला, असं गोमाजीने विचारलं असतं तर? बहिणीला फसवायला, हे परक्या माणसापुढे कसं सांगायचं? लबाडी करायला यादोराव कचरत नसत, पण लबाडीचं नाव घ्यायला त्यांना लाज वाटायची. म्हणून ते घशातल्या घशात म्हणाले, "पोराचं लगन हाय. बहिणीले द्याचा हाय. हुबेहूब असाच पाहिजे."

"असाच होईन," गोमाजी म्हणाला. "अन् हे बोचकं?"

"पितळ हाय. लागन ना तुमाले."

"लागनच."

झालं. यादोराव उठले, साकोलीची गाडी पकडली आणि खिडकीशी बसून स्वतःच्या हुशारीवर खुश होत घरी आले.

पितळेच्या धंद्याची रीत कोणालाही ठाऊक असते. जुनं भांडं द्यायचं, ते वितळवायचं, त्याचंच नवं करायचं. ओतताना थोडी घट येते, तेवढ्यापुरतं वरचं पितळ घालायचं. ओताऱ्याच्या दारात जुनं भांडं घेऊन येणारा माणूस दुसरं काय मागायला येणार? गोमाजीच्या बापाने हेच केलं, आजाने हेच केलं. गोमाजीने डबा समोर ठेवून मेणात हुबेहूब उतरवला, मातीचा लेप दिला, वाळवला, आणि मग रीतीप्रमाणे जुना डबा मुशीत टाकला. घटीसाठी बोचक्यातला तांब्या टाकला.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा यादोराव डबे आणायला गेले. गोमाजीने फडक्यातून एक डबा काढून समोर ठेवला. पिवळाधमक. डोळे दिपावेत असा.

"वा वा!" यादोराव म्हणाले. "अन् जुना?"

"कोणता जुना?"

"माहा डबा. म्या आणलेला."

"हाच तं हाय तो," गोमाजी म्हणाला. मग त्याला वाटलं, गिऱ्हाइकाला काम नीट दिसलं नाही. त्याने डबा फिरवून दाखवला. "पाहा, वात न् वात तशीच हाय. अन् बदकाची चोच गेलती ना, ती बी लावून देली. त्याचं वेगळं काही घेत नाही मी, लगनाचं काम हाय म्हणून."

यादोरावांनी बदकाकडे पाहिलं. बदकाला चोच फुटली होती. चांगली लांब, टोकदार, जरा उघडी. बदक त्यांच्याकडे पाहून हसतंय, असंच त्यांना वाटलं.

"तुमी... वितळवला?" यादोरावांनी मुशीत डोकावून पाहिलं. "अरे बाप्पा! एंटिक होता तो! पणजीच्या जमान्याचा!"

"कायचा पणजीच्या जमान्याचा," गोमाजी शांतपणे म्हणाला. "बुडाले तीन टिपके होते ना? ती माह्या बापाची खूण. तुमची मायच घेऊन आली असन. पितळ असन पणजीचं, डबा माह्या बापानं केला होता. झाकण निखळलं का लोक नवा करूनच नेतेत."

यादोराव तिथेच मुशीशेजारी खाली बसले. एका दमात डबाही गेला आणि डब्याचं म्हातारपणही गेलं. कशासाठी आधी रडावं, तेच त्यांना कळेना. आणि ओरडावं तरी कोणावर? गोमाजीने सांगितलं तेच केलं होतं. उलट चोच फुकट दिली होती.

घरी मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या पदर तोंडाला लावून न्हाणीत गेल्या. बाहेर येईस्तोवर बराच वेळ लागला, आणि आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. रडून नव्हे.

"हासू नको," यादोराव म्हणाले. "आता मायच्या वस्तूले मी मुकलो."

"तुमी कायले मुकले? बाईले द्याचाच होता ना एक? हाच द्या."

"नवाकोरा दिसते! बाई आंधळी हाय काय? असा तं ती माह्या तोंडावर फेकन."

आणि यादोराव पुन्हा हसले. तेच, म्हशीवालं हसू.

त्यांनी डबा चिंधीत बांधून शेणखताच्या खड्ड्यात पुरला. खतात पितळ लवकर काळं-हिरवं पडतं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तीन-चार दिवसांनी काढला तेव्हा डबा जुना दिसत होता खरा, पण एवढा जुना की गाईनेसुद्धा मान फिरवावी. घासून, धुऊनही वास काही जाईना. "हळद ठेवाच्या डब्याले खतात पुरते कोणी?" मनकर्णाबाई ओरडल्या. आता राहिली चोच. यादोरावांनी कानस घेतली आणि ओट्यावर बसून चोच घासायला लागले. चोच गेली. पण जिथे होती तिथे चकाकणारा डाग राहिला, म्हणून तो डाग घासला. मग दुसरी बाजू जास्त वाटायला लागली, म्हणून तीही घासली. उठले तेव्हा बदकाचं निम्मं डोकं ओट्यावर चुऱ्यात पडलं होतं.

मनिष त्याच संध्याकाळी सुट्टी घेऊन आला. त्याने डबा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, नाकाजवळ नेला आणि लांब धरला. आईकडे पाहिलं. आईने सगळं सांगून टाकलं. मनिष हसला नाही, हे यादोरावांना जास्त लागलं.

"परवा हळद हाय, बाबूजी," एवढंच तो म्हणाला. "आत्याले पत्रिका म्या नेऊन देली. ती म्हणे, ठेव तिथी कोनाड्यात."

"तू घेऊन जा ना हा डबा—"

"मी नाही जात," मनिष म्हणाला.

"मी बी नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमचं पाप हाय, तुमीच पिशवीत घालून न्या."

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच यादोराव निघाले. दिघोरी ते साकोली, साकोली ते भंडारा, भंडारा ते तुमसर, तुमसर ते बापेरा. साऱ्या वाटेभर ते मनात एकच घोकत होते: हाच तो डबा, मायचा डबा, हाच तो. घोकून घोकून तुमसरला पोचेस्तोवर त्यांना स्वतःलाच थोडं खरं वाटायला लागलं होतं. मग बापेऱ्याला उतरले. इतक्या वर्षांत बहिणीच्या गावचा रस्ताही बदलला होता. दोन जणांना विचारत घर शोधावं लागलं, आणि विचारताना मान खाली गेली.

बायजाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. केस पार पांढरे झाले होते. यादोरावांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिने वर पाहिलं, हातातली फुलं पसरून झाली तेव्हाच उठली.

"यादो?"

"व्हय, बाई."

"बस. सून घरी असती तं तिनं पाणी आणलं असतं, पण सारे वावरात गेले. मीच आणते."

पाणी झालं, चहा झाला. मग यादोरावांनी पिशवीतून डबा काढला आणि खाटेवर ठेवला. घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, "हाच तो डबा मायचा डबा हाच तो."

बायजाबाईने डबा उचलला. डोळ्यांजवळ नेला.

"हे काय हाय वर?"

"बदक."

"बदक? मले तं कासव दिसून राहिलं."

"जुनं झालं ना, बाई. झिजलं."

"बसल्या बसल्या कपाटात झिजलं?" तिने डबा नाकाजवळ नेला आणि झटकन खाली ठेवला. "अन् हा शेणाचा वास?"

"एंटिक वस्तूले," यादोराव म्हणाले, "वास येते थोडा."

बायजाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. लहानपणी चिंचा चोरून आलेल्या भावाकडे ती अशीच पाहायची, आणि तेव्हाही तो जास्त वेळ टिकायचा नाही. यादोराव आताही टिकले नाहीत. गोमाजी, बोचकं, चोच, खताचा खड्डा, कानस, सगळं सांगून टाकलं. चोचीपाशी आले तेव्हा बायजाबाईचे खांदे हलायला लागले. खड्ड्यापाशी तिने पदर तोंडात कोंबला. कानशीपाशी तिला ठसकाच लागला, आणि यादोरावांना उठून तिला पाणी द्यावं लागलं.

"माय राहाले पाहिजे होती," ती डोळे पुसत म्हणाली. "हासून हासून मेली असती बिचारी."

यादोरावांनाही हसू आलं. मग ते हसू मधेच विरलं. "तुहा डबा मी घालवला, बाई. ज्याच्यासाठी तू इतके वर्स आली नाहीस, तोच राहिला नाही. आता मी तुले कोण्या तोंडानं म्हणू का चाल?"

"डब्यासाठी?" बायजाबाईचा आवाज बदलला. "माह्या घरी काय डब्यायचा दुकाळ पडला, यादो? तेरवीच्या दिवशी तू डबा उचलला, कपाटात ठेवला, किल्ली लावली. मी तिथीच उभी होती. तुह्यापासून हातभर. तू माह्याकडं पाहिलं बी नाही. माय माही नव्हती काय? एक डाव म्हणाचं होतं, बाई, ठेवू काय म्हणून. म्या म्हणलं असतं, ठेव बाप्पा, तुह्याच घरी हळदी होतीन. तुनं विचारलंच नाही. इतके वर्स झाले, विचारलं नाही. पोराच्या लगनाची पत्रिका बी पोराच्याच हातानं धाडली."

यादोराव खाली पाहत बसले. त्यांना खरोखर आठवेना, की त्या दिवशी बाई खोलीत होती. डबा तेवढा लख्ख आठवत होता. त्याची त्यांना अशी लाज वाटली, की डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"चुकलं, बाई," ते म्हणाले.

"चुकलंच," बायजाबाई म्हणाली. तिने पदराने डबा पुसला, पुन्हा एकदा वास घेऊन नाक मुरडलं आणि त्यांच्यापुढे धरला. "आता विचार."

"आता?"

"आताच. माह्याकडं पाहून."

यादोरावांनी घसा खाकरला. साठी उलटलेला माणूस, गावात चार लोकांना शहाणपण सांगणारा, आणि पाच शब्द काढायला त्याला घाम फुटला. त्यांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हा डबा मी ठेवू काय?"

बायजाबाईच्या ओठाच्या कडेला हसू आलं होतं, ते तिने दाबलं.

"नाही," ती म्हणाली.

आणि डबा घेऊन घरात गेली. यादोराव खाटेवर तसेच तोंड उघडं ठेवून बसले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग लुगड्यांच्या घड्या काढल्याचा, मग भांड्यांचा. ती बाहेर आली तेव्हा अंगावर चांगलं लुगडं होतं आणि हातात गच्च भरलेली पिशवी. सगळ्यात वर, दोन लुगड्यांच्या मधे, डबा होता.

"हळद मी माह्या डब्यातून लावीन मनिषले," ती म्हणाली. "तुमसरची गाडी कव्हा हाय?"

यादोरावांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग घाईघाईने चपला शोधायला लागले.

"अन् पिशवी तू धर," बायजाबाई दाराला कडी लावत म्हणाली. "जड हाय."